स्लाइडवर न मावलेल्या ओळी

आयटीत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे काम कधी ना कधी येतंच. डॅशबोर्ड मस्त तयार असतो, त्यात दीडशे ओळींचं एक टेबल असतं, फिल्टर वगैरे सगळं चालत असतं. आणि मग मेल येतो, "सोमवारच्या प्रेझेंटेशनमध्ये हे टेबल टाक."

वाचायला पाच मिनिटांचं काम. पण ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे! पॉवर बीआय घ्या नाहीतर टॅब्लो घ्या, एक्स्पोर्ट टू पॉवरपॉइंट केलं की साधारणपणे मिळतो तो त्या पानाचा फोटो. टेबल मोठं असेल तर वरच्या जेवढ्या ओळी पडद्यावर दिसत होत्या तेवढ्याच फोटोत येतात. बाजूला स्क्रोलबारही येतो, पण तो चित्रातला. कितीही ओढा, खाली काही सरकत नाही.

मग आपल्यापुढे तीन रस्ते असतात. एक, फॉन्ट सहाचा करून सगळं कोंबायचं, म्हणजे कुणालाच काही वाचता येत नाही. दोन, तेच टेबल दहा स्लाइड्सवर पसरायचं, म्हणजे तिसऱ्या स्लाइडला लोक मोबाइल काढतात. आणि तीन, 'टॉप टेन'. सॉर्ट करा, वरच्या दहा ठेवा, बाकीच्या उडवा. शंभरातले नव्वद लोक तिसरा रस्ता धरतात. मीही धरतो. आमचा लीड म्हणतो तसं, "अरे, एवढ्या ओळी वाचणार कोण?"

त्याचं चुकीचं नाही. फक्त 'टॉप टेन' करताना आपण फॉरमॅटिंग करतोय असं वाटत असतं आणि खरं म्हणजे आपण एक निर्णय घेत असतो. समोरच्या माणसाला काय माहीत असेल आणि काय नसेल, हा तो निर्णय. याची जगातली सगळ्यात महागडी दोन उदाहरणं नासाच्या इतिहासात आहेत. दोन्ही वेळा सात-सात माणसं गेली.

तेरा कागद

२७ जानेवारी १९८६, संध्याकाळ. चॅलेंजर यान दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरवरून उडणार होतं. हवामान खात्याने रात्री कडाक्याची थंडी पडेल असं सांगितलं होतं. तिकडे युटामध्ये मॉर्टन थायोकॉल कंपनीत गडबड उडाली. यानाच्या दोन्ही बाजूंना जे घन इंधनाचे बूस्टर असतात ते ही कंपनी बनवायची.

हे बूस्टर एकसंध नसतात, तुकड्या-तुकड्यांनी जोडलेले असतात. प्रत्येक जोडात रबरासारख्या पदार्थाच्या दोन गोल कड्या असतात, त्यांना ओ-रिंग म्हणतात. आपल्या कुकरच्या रिंगचंच हे मोठं भावंड समजा. कुकरची रिंग कडक झाली की शिटी होत नाही, बाजूने वाफ जाते. इथे बाजूने जाणार होता तो जळता वायू. जाडी पाव इंचाहून जरा जास्त, आणि घेर मात्र बारा फूट व्यासाच्या बूस्टरला बसेल एवढा. थंडीत ही रिंग कडक होते आणि फट भरायला वेळ लावते, ही भीती रॉजर बॉइसजोली आणि आर्नी थॉम्पसन या तिथल्या इंजिनियर्सना आधीपासून होती. बॉइसजोलीने तर ३१ जुलै १९८५ लाच लेखी मेमो देऊन ठेवला होता, की हा प्रश्न सुटला नाही तर यानासकट सगळं जाईल.

त्या संध्याकाळी त्यांच्याकडे काही तास होते. तेवढ्यात त्यांनी तेरा कागद तयार केले, काही तर हातानेच लिहिलेले, आणि फॅक्सने फ्लोरिडा आणि अलाबामाला पाठवले. मग तिन्ही ठिकाणचे लोक टेलिफोनवर बसले. आजच्या भाषेत, डेक शेअर करून कॉल. फक्त स्क्रीनच्या जागी फॅक्सचा कागद.

आता त्या कागदांवर काय होतं ते बघा. एका कागदावर आधीच्या उड्डाणांमध्ये ओ-रिंगला कुठे, किती इजा झाली याचा तक्ता होता. त्यात तापमान नव्हतं. दुसऱ्या एका कागदावर तापमानं होती, पण ती चार जमिनीवरच्या चाचण्यांची, दोन जुन्या उड्डाणांची आणि उद्याच्या उड्डाणाच्या अंदाजाची.

थोडक्यात काय, दोन टेबलं होती आणि त्यांचा जॉइन कुणी केलेला नव्हता. 'प्रत्येक उड्डाण, त्याचं तापमान, त्यातली इजा' अशा तीन रकान्यांचं एक साधं टेबल त्या तेरा कागदांत कुठेच नव्हतं.

त्या दोन उड्डाणांची गंमत तर अजूनच वाईट. एक होतं जानेवारी १९८५ चं. तेव्हा जोडाचं तापमान होतं ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण १२ अंश सेल्सियस, पुण्यातली डिसेंबरची पहाट. दुसरं ऑक्टोबर १९८५ चं, ७५ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २४ सेल्सियस. दोन्हींत रिंगच्या पलीकडे वायू गेल्याच्या खुणा होत्या. थंड उड्डाणातली काजळी कितीतरी जास्त काळी आणि जास्त पसरलेली होती, हे बॉइसजोलीने स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं. पण पलीकडच्या माणसाला दिसलं ते एवढंच: थंडीतही झालं, उकाड्यातही झालं. मग थंडीचा संबंध काय?

कंपनीची शिफारस होती, ५३ च्या खाली उडवू नका. उद्याचा रिंगच्या तापमानाचा अंदाज होता २९ फॅरनहाइट, म्हणजे शून्याच्याही खाली. नासाच्या लोकांना हे पटलं नाही. मार्शल सेंटरचे लॅरी मलॉय यांनी तर वैतागून विचारलं की मग उड्डाण काय एप्रिलमध्ये करू? थायोकॉलने पाच मिनिटांची सुट्टी मागितली, ती अर्धा तास चालली. कंपनीच्या बड्या साहेबांनी, जेरी मेसन यांनी, इंजिनियरिंगचे प्रमुख बॉब लंड यांना सांगितलं की आता इंजिनियरची टोपी काढून मॅनेजरची टोपी घाल. आणि शिफारस बदलली. उड्डाणाला हरकत नाही असा सहीचा कागद रात्री फॅक्सने गेला.

दुसऱ्या दिवशी, २८ जानेवारीला, सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी चॅलेंजर उडालं. हवेचं तापमान ३६ फॅरनहाइट, म्हणजे २ सेल्सियसच्या आसपास. आधीच्या कुठल्याही उड्डाणापेक्षा १५ फॅरनहाइटने कमी. ७३ सेकंद. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

काहीच न घडलेली उड्डाणं

चौकशीसाठी जो रॉजर्स आयोग नेमला त्यात रिचर्ड फाइनमन होते. त्यांनी बर्फाच्या पाण्यात ओ-रिंगचा तुकडा बुडवून दाखवला तो प्रसंग प्रसिद्धच आहे. पण आपल्यासारख्या टेबलं ढकलणाऱ्या लोकांसाठी त्या अहवालातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळी आहे. आयोगाने त्यात दोन आलेख दिले. एकात फक्त इजा झालेली उड्डाणं, तापमानाप्रमाणे मांडलेली. दुसऱ्यात सगळी उड्डाणं.

पहिला आलेख बघितला तर खरंच काही कळत नाही. सात ठिपके, ५३ पासून ७५ पर्यंत विखुरलेले. त्या रात्री ज्या चर्चा झाल्या त्या याच सात ठिपक्यांवर झाल्या, म्हणजे जिथे काहीतरी बिघडलं होतं त्यांच्यावर. आणि हे किती स्वाभाविक आहे बघा! आपण डिफेक्ट रिपोर्ट काढतो तेव्हा काय करतो? 'स्टेटस इज फेल' असा फिल्टर लावतो. पास झालेल्या ओळी कशाला दाखवायच्या? त्यात बघण्यासारखं काय आहे?

ही सगळी आकडेवारी आज संख्याशास्त्राच्या वर्गांमध्ये शिकवतात. मशीन लर्निंगवाल्यांना माहीत असलेल्या यूसीआयच्या डेटासेट संग्रहातही ती आहे. मागच्या महिन्यात एका शनिवारी मी ती उतरवून घेतली आणि पायथनमध्ये आलेख काढला. चार ओळींचा कोड. टेबल आहे २३ ओळींचं. चॅलेंजरच्या आधी शटलची २४ उड्डाणं झाली होती, त्यातल्या १९८२ च्या एका उड्डाणाचे बूस्टर समुद्रात बुडाले, म्हणून २३.

२३ पैकी १६ उड्डाणांमध्ये या जोडांना काहीही झालं नव्हतं. हे १६ ठिपके आलेखावर टाकले की चित्र क्षणात बदलतं. ती सगळीच्या सगळी ६६ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्तची आहेत. म्हणजे हिशोब असा: ६६ किंवा जास्त तापमानाची १९ उड्डाणं, त्यातल्या फक्त ३ मध्ये इजा. ६३ किंवा कमी तापमानाची ४ उड्डाणं, चारही वेळा इजा. एकदाही सुटका नाही. आणि उद्याचा अंदाज २९ चा, म्हणजे आलेखाच्या डाव्या कडेच्याही बाहेर.

१९८९ मध्ये दलाल, फाउल्क्स आणि होडली या तीन संख्याशास्त्रज्ञांनी याच आकड्यांवर शोधनिबंध लिहिला. ३१ फॅरनहाइटला जोड पूर्ण निकामी होण्याची शक्यता त्यांनी निदान १३ टक्के काढली. आठात एक. कुठल्याही बसमध्ये आपण या हिशोबावर चढणार नाही.

मला स्वतःला सगळ्यात लागलं ते हे, की हे टेबल मोठं नव्हतंच. २३ ओळी, तीन रकाने. बारा-चौदाच्या फॉन्टमध्ये एका स्लाइडवर आरामात बसलं असतं. गळलेल्या ओळी जागा नव्हती म्हणून गळल्या नाहीत. त्या बिनकामाच्या वाटल्या म्हणून गळल्या. काहीच न घडलेल्या दिवसांची नोंद कोण दाखवतं?

इथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. एडवर्ड टफ्टी या माहिती-मांडणीतल्या मोठ्या माणसाने १९९७ च्या आपल्या पुस्तकात त्या तेरा कागदांची चिरफाड केली आणि इंजिनियर्सनी आकडे नीट मांडले असते तर उड्डाण थांबलं असतं, असा सूर लावला. त्यावर २००२ मध्ये बॉइसजोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की त्या रात्री सगळ्या उड्डाणांची तापमानं आमच्या हातात नव्हतीच, शिवाय टफ्टींनी हवेचं तापमान आणि रिंगचं तापमान यांची सरमिसळ केली. आणि मुख्य म्हणजे, आम्ही उडवू नका असं स्पष्ट सांगितलं होतं! नेहमी 'सुरक्षित आहे' हे सिद्ध करावं लागायचं, त्या रात्री मात्र आमच्याकडून 'असुरक्षित आहे' याचा पुरावा मागितला गेला.

मला दोन्ही बाजू वाचून वाटतं की बॉइसजोलींचं पारडं जड आहे. चांगला आलेख असता तरी टोपी बदलायला सांगणारा माणूस खोलीत होताच. पण तो आलेख समोर असता तर टोपी बदलणं निदान एवढं सोपं गेलं नसतं.

आता पॉवरपॉइंट येतं

लक्षात आलं का, या सगळ्यात पॉवरपॉइंट कुठेच नाही. कारण ते तेव्हा बाजारात आलंच नव्हतं. पॉवरपॉइंट आलं एप्रिल १९८७ मध्ये, फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीकडून, मॅकिंटॉशसाठी. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन ही त्यामागची मुख्य नावं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. विंडोजवर पॉवरपॉइंट १९९० मध्ये आलं.

आणि ते मुळात आजच्यासारखं पडद्यावर दाखवायला नव्हतंच. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक फिल्मा छापायला होतं. ज्यांनी कॉलेजात ओएचपी बघितला असेल त्यांना आठवेल, तो पिवळट उजेड आणि प्राध्यापकांच्या बोटाची मोठी सावली. नासात आणि लष्करी कंपन्यांत या फिल्मांची, व्ह्यूग्राफची, सवय कितीतरी आधीपासून होती. म्हणजे स्लाइडचा आकार, मोठं शीर्षक, खाली चार-पाच मुद्दे, ही चौकट सॉफ्टवेअरपेक्षा जुनी. पॉवरपॉइंटने ती चौकट प्रत्येकाच्या टेबलावर आणून ठेवली, एवढंच.

कोलंबिया

१६ जानेवारी २००३ ला कोलंबिया उडालं. यात आपली कल्पना चावला होती. कर्नालची, चंदीगडच्या पंजाब इंजिनियरिंग कॉलेजची. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी तिचा फोटो आधी शाळेच्या भिंतीवर बघितला आणि बाकीचं नंतर कळलं.

उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक मोठा तुकडा सुटला आणि डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना बोईंगच्या इंजिनियर्सनी याचा अभ्यास केला आणि तो नासापुढे मांडला, तीन रिपोर्ट मिळून २८ स्लाइड्स. त्यातली एक स्लाइड पुढे जगप्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकाचा मथितार्थ असा, की चाचण्यांच्या आकड्यांवरून आमचा अंदाज सावधच दिसतो, म्हणजे काळजीचं फारसं कारण नाही. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, उप-उपमुद्दे. आणि अगदी तळाला, लहान अक्षरात, एक ओळ: आदळलेल्या तुकड्याचं आकारमान १९२० घन इंच, चाचणीतल्या तुकड्याचं ३ घन इंच.

६४० पट! लिटरमध्ये सांगायचं तर चाचणीतला तुकडा कटिंग चहाच्या ग्लासात मावेल आणि खरा तुकडा म्हणजे ऑफिसातले वीस लिटरचे दीड जार. ज्या टेबलाच्या भरवशावर ते शीर्षक लिहिलं होतं, त्या टेबलात या तुकड्याच्या जवळपासचीसुद्धा ओळ नव्हती. आणि हे सांगणारी ओळ, म्हणजे त्या स्लाइडवरची एकमेव महत्त्वाची ओळ, सगळ्यात खाली. शिवाय त्या चाचण्या होत्या उष्णतारोधक टाइल्सच्या, आणि मार बसला होता पंखाच्या पुढच्या कडेला, जिथे टाइल नसून कार्बनचे पॅनल असतात.

काही इंजिनियर्सनी पंखाचे फोटो मिळावेत म्हणून विनंत्या केल्या, त्या वर मान्य झाल्या नाहीत. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना कोलंबिया टेक्सासवर तुटलं. जुलैमध्ये चौकशी मंडळाने फोमचा तसाच तुकडा पंखाच्या पॅनलवर डागून बघितला, तर सुमारे १६ इंचांचं भगदाड पडलं.

ऑगस्ट २००३ मध्ये मंडळाचा अहवाल आला. त्यात टफ्टींनी केलेलं त्या स्लाइडचं विश्लेषण चक्क छापलेलं आहे. मंडळाने म्हटलं की ही स्लाइड वाचून वरिष्ठ अधिकाऱ्याला हा जिवाचा प्रश्न आहे हे कळलं नाही तर नवल नाही, आणि तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड्स वापरायची नासाची सवय हाच एक प्रश्न आहे. सतरा वर्षांत फॅक्सचा पॉवरपॉइंट झाला होता. बाकी फार बदललं नव्हतं.

पुढच्या वर्षी, ९ जून २००४ ला, ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकीत पॉवरपॉइंट बंद केलं आणि त्याच्या जागी सलग लिहिलेला मेमो आणला. त्यामागे टफ्टींच्या लिखाणाचा हात होता. आपल्याकडे असं काही लगेच होईल असं वाटत नाही :-)

मग आपण काय करायचं?

आपल्या स्लाइडवर कुणाचा जीव अवलंबून नसतो, हे मान्य. पण दवाखान्याच्या डॅशबोर्डचं काम करणारे, बँकेच्या रिस्क रिपोर्टचं काम करणारे आपल्यातच आहेत. तेव्हा आमच्या टीममध्ये जे चार नियम हळूहळू रुळलेत ते सांगतो. फार मोठं शहाणपण नाही, पण उपयोगी पडतं.

पहिला, टेबलाखाली लिहायचं, '१४८ पैकी १२ ओळी दाखवल्या आहेत, अमुक रकान्यावर सॉर्ट केलेल्या'. ही एक ओळ लिहिली की समोरचा आपोआप विचारतो, बाकीच्यांचं काय?

दुसरा, बिघडलेल्या ओळी दाखवताना न बिघडलेल्यांचा आकडा शेजारी द्यायचा. '७ फेल' याला एकट्याला काही अर्थ नाही. २३ पैकी ७ ला अर्थ आहे, आणि थंडीतल्या ४ पैकी ४ ला तर फारच.

तिसरा, एक्स्पोर्टच्या फोटोवर भागवायचं नाही. पूर्ण टेबल एक्सेलमध्ये मीटिंगच्या आधीच्या दिवशी मेलने पाठवायचं. लोक उघडत नाहीत, ठीक आहे. शंका आल्यावर उघडायला ते असलं पाहिजे.

आणि चौथा, शीर्षक सगळ्यात शेवटी लिहायचं. आधी तळातली ओळ वाचायची आणि ती शीर्षकाला खोटं पाडत नाही ना ते बघायचं.

बॉइसजोलींना अपघातानंतर कंपनीत फार त्रास झाला आणि त्यांनी नोकरी सोडली. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञान संघटनेने, एएएएसने, त्यांना पुरस्कार दिला. पुढची बरीच वर्षं ते कॉलेजांत जाऊन मुलांना इंजिनियरिंगमधल्या नीतीबद्दल सांगत राहिले. २०१२ च्या जानेवारीत ते गेले.

तो २३ ओळींचा डेटासेट मात्र फुकट उपलब्ध आहे. एखाद्या रिकाम्या शनिवारी उतरवून घ्या. आधी फक्त इजा झालेले सात ठिपके काढा, दोन मिनिटं बघा आणि स्वतःला विचारा की त्या रात्री फोनवर मी काय म्हटलं असतं. मग उरलेले सोळा टाका.